तारांकित प्रश्न: सूचना लिहिण्यापासून उपप्रश्न विचारण्यापर्यंत

लोकसभेत सकाळी अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो आणि अध्यक्ष सदस्याचे नाव पुकारतात. सदस्य उठून एवढेच म्हणतो, "प्रश्न क्रमांक ६१." मंत्री उठतात आणि म्हणतात, "निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे." याला पंधरा सेकंदही लागत नाहीत. मूळ प्रश्न कोणी वाचत नाही, उत्तरही कोणी वाचून दाखवत नाही. दोन्ही छापून सदस्यांच्या हातात आलेले असतात. अध्यक्ष लगेच म्हणतात, "पहिला उपप्रश्न." तीन आठवड्यांपूर्वी दिलेल्या सूचनेचा, म्हणजे प्रश्न विचारण्याच्या लेखी नोटिशीचा, खरा उपयोग या क्षणापासून सुरू होतो, आणि तो होणार की नाही हे बहुतेक वेळा सूचना लिहितानाच ठरून गेलेले असते.

मंत्र्याला पळवाट सापडते ती प्रश्नाच्या वाक्यात. जो भाग विचारला नाही तो उत्तरात येत नाही. जो ढोबळ विचारला त्याचे उत्तरही ढोबळच येते. म्हणून या लेखात सभागृहातल्या पाच मिनिटांइतकीच जागा त्याआधीच्या टेबलावरच्या कामाला दिली आहे. नियम आणि आकडे मुख्यतः लोकसभेचे आहेत. महाराष्ट्र विधिमंडळातली पद्धत जिथे वेगळी किंवा जास्त उपयोगाची आहे, तिथे ती सांगितली आहे.

कोणत्या प्रकारचा प्रश्न हवा, हे आधी ठरवा

तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, उपप्रश्न नाहीत. अल्पसूचना प्रश्न तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर, नेहमीची मुदत न पाळता विचारता येतो, पण त्यासाठी संबंधित मंत्र्याने उत्तर द्यायला तयारी दाखवावी लागते. म्हणून तो क्वचितच प्रत्यक्षात येतो. लोकसभेत या याद्या रंगावरूनच ओळखू येतात: तारांकित हिरव्या कागदावर, अतारांकित पांढऱ्यावर, अल्पसूचना फिक्या गुलाबीवर.

नवे सदस्य आणि त्यांचे सहायक सगळ्या सूचना तारांकितच टाकतात. यात मोठे नुकसान आहे. जिल्हानिहाय, वर्षनिहाय आकड्यांचा तक्ता हवा असेल तर अतारांकित प्रश्नच योग्य. तक्त्याला उपप्रश्नाची गरज नसते आणि तारांकित यादीतली जागा फार थोडी असते. तारांकित प्रश्न तेव्हा वापरावा जेव्हा मंत्र्याकडून "हो की नाही", "केव्हा", "कोणी आणि कशाच्या आधारावर" हे सभागृहात वदवून घ्यायचे असते. सगळ्यात चांगला क्रम असा: सत्राच्या पहिल्या आठवड्यांत अतारांकित प्रश्नातून आकडे काढायचे, आणि त्या आकड्यांतून जी विसंगती दिसेल तिच्यावर पुढच्या टप्प्यात तारांकित प्रश्न टाकायचा. दुसरा प्रश्न पहिल्याची पुनरावृत्ती नसावा एवढे सांभाळावे लागते, कारण उत्तर दिलेला प्रश्न आशयाने पुन्हा विचारता येत नाही.

वार, मुदत आणि सोडत

सर्व मंत्रालये पाच गटांत विभागलेली असतात आणि सोमवार ते शुक्रवार एकेका गटाचा वार ठरलेला असतो. रेल्वेचा प्रश्न रेल्वेच्या वारीच येणार. सत्राचे समन्स निघाले की सचिवालयाच्या बुलेटिनमध्ये कोणत्या तारखेच्या प्रश्नांसाठी सूचना कधीपर्यंत द्यायची याचा तक्ता येतो. तो तक्ता छापून भिंतीवर लावावा आणि प्रत्येक तारखेसमोर विषय लिहावा. सूचना चुकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मजकूर तयार असतो, पण मंत्रालयाचा वार निघून गेलेला असतो.

मुदत पूर्ण १५ दिवसांची आहे. पूर्ण दिवस म्हणजे सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस दोन्ही सोडून. एका सदस्याला एका दिवसासाठी तारांकित आणि अतारांकित मिळून पाच सूचना देता येतात. त्यातून एका दिवसाच्या तारांकित यादीत त्याच्या नावावर एकच प्रश्न येऊ शकतो. यादीत तारांकित २० आणि अतारांकित २३० प्रश्न असतात. सूचना त्यापेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून संगणकीय सोडतीतून क्रम लागतो. राज्यसभेत तारांकित १५ आणि अतारांकित १६० असतात, आणि तिथला प्रश्नोत्तराचा तास नोव्हेंबर २०१४ पासून दुपारी बारा वाजता सुरू होतो.

सोडतीवर कोणाचा ताबा नाही, पण संधी वाढवता येते. एकाच विषयाच्या पाच सूचना एकाच दिवसासाठी देण्यापेक्षा पाच वेगळ्या विषयांच्या द्याव्यात. आणि सूचना नियमितपणे, सत्राच्या जवळजवळ प्रत्येक दिवसासाठी द्याव्यात. ज्यांचे प्रश्न यादीत वारंवार दिसतात, त्यांच्या कार्यालयात रोज सूचना देणारा कोणीतरी शिस्तीचा माणूस असतो.

इथेच एक गंभीर गोष्ट. सूचना आता संसदेच्या ऑनलाइन पोर्टलवरून जातात, त्यामुळे लॉगिन आणि पासवर्ड हा सदस्याच्या सहीइतकाच जपायचा. सहायकाने मसुदा करावा, माहिती गोळा करावी. पण सूचना सदस्याने स्वतः वाचून, स्वतः पाठवावी. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक अशा अकरा खासदारांना सभागृहांनी बडतर्फ केले. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेच्या एका सदस्याचे सदस्यत्व गेले, त्यातही पोर्टलचे लॉगिन दुसऱ्याच्या हाती दिल्याचा ठपका हा मुख्य भाग होता. कोणा व्यावसायिकाने किंवा संघटनेने तयार करून आणलेला प्रश्न तसाच पुढे पाठवू नये. माहिती घ्या, तपासा, मग आपल्या शब्दांत लिहा. त्या विषयात आपला आर्थिक संबंध असेल तर तो प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारू द्या.

प्रश्न नाकारला का जातो

लोकसभेच्या नियम ४१ मध्ये ग्राह्यतेच्या अटींची लांब यादी आहे. प्रत्यक्षात बहुतेक सूचना त्यातल्या चार-पाच अटींवरच पडतात.

पहिली अट विषयाच्या जबाबदारीची. प्रश्न मुख्यतः भारत सरकारच्या कक्षेतला असला पाहिजे. तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, हा प्रश्न लोकसभेत तसाच टाकला तर तो राज्याचा विषय म्हणून परत येतो. पण त्याच केंद्रासाठी केंद्रपुरस्कृत योजनेतून निधी गेला असेल, तर त्या निधीचा, त्याच्या वापराचा आणि केंद्राने घेतलेल्या आढाव्याचा प्रश्न पूर्णपणे ग्राह्य आहे. अडलेला विषय योजनेच्या आणि पैशाच्या दारातून आत आणता येतो, हे ज्याला कळले त्याच्या सूचना सहसा परत येत नाहीत.

दुसरी अट भाषेची. प्रश्नात युक्तिवाद, निष्कर्ष, उपरोध, दोषारोप आणि विशेषणे चालत नाहीत. "बेफिकीर", "भ्रष्ट", "अन्यायकारक" असे शब्द आले की सूचना एकतर नाकारली जाते किंवा सचिवालय ती कापून-छाटून अशी करते की तिच्यातला टोकदार भागच नाहीसा होतो. सर्वसाधारण शब्दमर्यादा १५० शब्दांची आहे.

तिसरी अट अशी की, सहज मिळणाऱ्या दस्तऐवजांत असलेली माहिती विचारता येत नाही. मंत्रालयाचा वार्षिक अहवाल, अर्थसंकल्पाची कागदपत्रे, जुनी प्रश्नोत्तरे आधी वाचलीच पाहिजेत. त्यात जे सापडते त्याच्या पुढचे विचारायचे. अहवालात मंजूर रकमेचा आकडा असेल तर प्रश्न खर्चाचा करा. खर्चाचाही असेल तर त्यातून झालेल्या कामाचा करा. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल हा तर प्रश्नांचा मोठा साठा आहे, कारण त्यात नेमक्या तारखा आणि रकमा असतात.

बाकीच्या अटी थोडक्यात: न्यायप्रविष्ट विषय नको, संसदीय समितीसमोर असलेला विषय नको, मंत्रिमंडळातली चर्चा नको, काल्पनिक परिस्थिती नको, कोणाचे खासगी चारित्र्य नको, आणि एका उत्तरात मावणार नाही एवढे मोठे धोरणही नको. ग्राह्यतेचा अंतिम निर्णय अध्यक्षांचा असतो. तारांकित म्हणून दिलेली सूचना अतारांकित म्हणून स्वीकारण्याचा अधिकारही त्यांना आहे.

एक मसुदा, आधी चुकलेला

समजा विषय आहे जिल्हा रुग्णालयांतल्या डायलिसिस यंत्रांचा. पहिला मसुदा बहुतेक वेळा असा येतो:

"ग्रामीण भागातील डायलिसिसची यंत्रे धूळ खात पडली असून गोरगरीब रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत, याची सरकारला जाणीव आहे काय, आणि असल्यास सरकार याबाबत काय पावले उचलत आहे?"

भावना खरी आहे, पण प्रश्न म्हणून यात काही उरत नाही. "धूळ खात" आणि "अतोनात हाल" हे निष्कर्ष आहेत, ते कापले जातील. ठिकाण नाही, काळ नाही, योजनेचे नाव नाही. "जाणीव आहे काय" याला एका शब्दात उत्तर देता येते. आणि "काय पावले उचलत आहे" या शब्दांना मंत्रालयाकडे योजनेच्या माहितीपत्रकाचा दोन पानी मजकूर कायम तयार असतो. तो चिकटवला की उत्तर झाले.

आता तोच विषय नीट मांडलेला:

"आरोग्य आणि कुटुंब कल्याण मंत्री पुढील बाबींची माहिती देतील काय:

(अ) प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमांतर्गत गेल्या तीन आर्थिक वर्षांत महाराष्ट्रातील जिल्हा रुग्णालयांसाठी किती यंत्रे मंजूर झाली आणि किती बसवण्यात आली, त्याचा जिल्हानिहाय व वर्षनिहाय तपशील;

(आ) त्यांपैकी ३१ मार्च रोजी किती यंत्रे चालू होती, आणि बंद असलेली यंत्रे केव्हापासून व कोणत्या कारणाने बंद आहेत;

(इ) याच काळात केंद्राने या कामासाठी किती निधी मंजूर केला, किती वितरित केला, आणि किती खर्च झाल्याचे राज्याने कळवले;

(ई) बंद यंत्रांबाबत केंद्राने राज्याकडून अहवाल मागवला आहे काय; असल्यास कोणत्या तारखेला, व त्यातील निष्कर्ष काय;

(उ) नसल्यास, त्याची कारणे काय?"

यात प्रत्येक भागाला काम आहे. (अ) मध्ये "मंजूर" आणि "बसवण्यात आली" हे दोन वेगळे शब्द मुद्दाम आहेत. सरकारी उत्तरात मंजुरीचाच आकडा कामाचा आकडा म्हणून पुढे येतो. दोन्ही विचारले की फरक उघडा पडतो. (आ) मध्ये ठरावीक तारीख आहे, कारण "सध्या" या शब्दाला कोणतीही तारीख लावता येते. (इ) मध्ये निधीचे तीन टप्पे आहेत: मंजूर, वितरित, खर्च. एकाच "निधी" या शब्दात हे तिन्ही लपतात. (ई) आणि (उ) ही जोडी दोन्ही बाजू बंद करते. अहवाल मागवला असेल तर निष्कर्ष द्यावा लागतो, नसेल तर कारण.

महाराष्ट्र विधिमंडळातल्या छापील प्रश्नाचा साचाही याच जोडीवर उभा आहे, आणि तो शिकण्यासारखा आहे: "(१) अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" या साच्यात सगळी मदार (१) वर असते. त्यात तारीख, गाव किंवा आकडा थोडा जरी चुकला तरी उत्तर येते "हे खरे नाही", आणि पुढच्या तिन्ही भागांसमोर "प्रश्न उद्भवत नाही". घटना घडलेली असते, पण ती १२ तारखेऐवजी १४ तारखेला घडलेली असते, एवढ्यावर सगळा प्रश्न वाया जातो. म्हणून (१) मध्ये जेवढे कागदावर सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे. ऐकीव आकडा असेल तर तो विधान म्हणून घालू नये. "किती" असे विचारावे.

उत्तर कसे तयार होते, हे माहीत असावे

प्रश्न ग्राह्य झाला की तो मंत्रालयाला कळवला जातो, आणि त्यानंतर किमान पाच दिवस गेल्याशिवाय तो उत्तरासाठी यादीत घेता येत नाही. मंत्रालयात तो संबंधित कक्षाकडे जातो. कक्ष अधिकारी मसुदा करतो, तो वर चढत सचिवांमार्फत मंत्र्यांपर्यंत पोहोचतो. तारांकित प्रश्नासोबत आणखी एक कागद तयार होतो: उपप्रश्नांसाठीची टिपणी. सदस्य काय काय विचारू शकेल याचा अंदाज बांधून त्याची उत्तरे त्यात लिहिलेली असतात. सकाळी मंत्र्यांना ती समजावून सांगितली जाते आणि प्रश्नोत्तराच्या तासाच्या वेळी अधिकारी त्यांच्यासाठीच्या दीर्घेत (गॅलरीत) बसून गरज पडली तर चिठ्ठ्या पाठवतात.

याचा अर्थ सरळ आहे. माहितीपत्रकावरून सुचणारा उपप्रश्न टिपणीत आधीच असतो. टिपणीत नसतो तो मतदारसंघातल्या एका ठिकाणाचा, एका पत्राचा, एका तारखेचा प्रश्न. तुमच्याकडे रुग्णालयाने राज्याला पाठवलेल्या पत्राचा क्रमांक असेल, तर तीच तुमची सर्वांत मोठी ताकद आहे.

छापील उत्तर पेन्सिल घेऊन वाचा

प्रश्नोत्तराच्या तासापूर्वी छापील उत्तर हाती येते. ते वाचताना आपली सूचना शेजारी ठेवावी आणि एकेका भागासमोर खूण करावी. मंत्रालयांची नेहमीची रीत म्हणजे "(अ) ते (उ)" असे एकत्र उत्तर देणे. वाचायला ते भरगच्च वाटते: योजनेची पार्श्वभूमी, उद्दिष्टे, परिशिष्टात तक्ता. पण खुणा केल्या की दिसते, (आ) कुठेच नाही. जो भाग गाळला, तोच बहुतेक वेळा दुखरा भाग असतो.

ठरावीक वाक्ये ओळखायला शिकावे. "सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे" या वाक्याने सुरू होणाऱ्या उत्तरात पुढे केंद्राच्या निधीचा उल्लेख असतो. उपप्रश्न त्या निधीवर न्यावा. "अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही" याचा अर्थ पुढचा हप्ता देताना ती पाहिली जात नाही, असा होतो का, हेच विचारावे. "माहिती संकलित करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल" हे तर आश्वासन आहे, त्याबद्दल पुढे येईलच. महाराष्ट्रात "हे अंशतः खरे आहे" असे उत्तर आले, तर पहिला उपप्रश्न तयारच आहे: कोणता अंश खरा?

उपप्रश्न

लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला साधारणपणे दोन उपप्रश्न मिळतात. त्यानंतर अध्यक्ष इतर सदस्यांना संधी देतात. उपप्रश्न दिलेल्या उत्तरातून निघाला पाहिजे. विषय सोडून गेला तर अध्यक्ष तो नाकारतात आणि संधी वाया जाते. बोलणे अध्यक्षांना उद्देशून, त्यांच्यामार्फत.

वरच्या उदाहरणात, उत्तरात बसवलेल्या यंत्रांचा तक्ता आहे पण चालू यंत्रांचा नाही. पहिला उपप्रश्न असा असावा: "अध्यक्ष महोदय, परिशिष्टात बसवलेल्या यंत्रांचा आकडा आहे. (आ) भागात मी चालू यंत्रांचा आकडा विचारला होता. तो मंत्रालयाकडे आहे की नाही?" तीन छोटी वाक्ये, शेवटी एकच प्रश्न. "आहे" म्हटले तर द्यावा लागतो. "नाही" म्हटले तर दुसरा उपप्रश्न तयार आहे: "मग पुढचा निधी वितरित करताना यंत्रे चालू आहेत, हे कशाच्या आधारावर तपासले जाते?"

आदल्या रात्री हा फाटा कागदावर काढून ठेवावा. उत्तर असे आले तर हा, तसे आले तर तो. चार-पाच शक्यता पुरतात. एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावे, पण वाचून दाखवू नये. मंत्री आत्ताच जे बोलले त्यातला एक शब्द पकडून सुरुवात केली की उपप्रश्न आपोआप "उत्तरातून निघालेला" ठरतो.

जिथे हमखास बिघडते ती जागा म्हणजे प्रस्तावना. सदस्य उठतो, विषयाचे महत्त्व सांगतो, मतदारसंघातली परिस्थिती सांगतो, मंत्र्यांचे आभार मानतो, आणि शेवटी एका दमात तीन प्रश्न विचारतो. मंत्री त्यांतला सर्वांत सोपा निवडून त्याचेच उत्तर देतात, आणि त्यांना तसे करू देणारे आपणच असतो. दुसरी चूक म्हणजे "मंत्री महोदय याचा विचार करतील काय?" असे विचारणे. याला "अवश्य करू" हे उत्तर ठरलेले आहे. केव्हापर्यंत, कोणत्या आदेशाने, किती रकमेचा, असे विचारावे. तिसरी चूक, पहिल्या उपप्रश्नाचे उत्तर मिळालेले नसताना आधी ठरवलेला दुसराच विषय काढणे. उत्तर मिळाले नसेल तर दुसरी संधीही त्याच मुद्द्यावर खर्च करावी. नोंदीत दोनदा टाळलेले उत्तर हेही मोलाचे असते.

महाराष्ट्र विधिमंडळात मंत्र्यांकडे माहिती अपुरी दिसली तर सदस्य "प्रश्न राखून ठेवावा" अशी मागणी करतात. पीठासीन अधिकाऱ्यांनी ती मान्य केली की तो प्रश्न संपत नाही, पुन्हा पुकारला जातो. ही मागणी गोंगाटात करण्यापेक्षा नेमका कोणता भाग अनुत्तरित आहे हे क्रमांकासह सांगून केली, तर ती मान्य होण्याची शक्यता जास्त.

संपूर्ण तासात सहसा पाच-सहा तारांकित प्रश्नच तोंडी होतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी मानली जातात. यादीतले वीसच्या वीस प्रश्न एका तासात पुकारले जाण्याचा दिवस २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत आला, तोही १९७२ नंतर पहिल्यांदा. म्हणून यादीत आपला क्रमांक पहिल्या पाचात असेल तर अकराच्या आधी जागेवर असावे. क्रमांक पंधरावा असेल तर लेखी उत्तर घेऊन पुढची पावले टाकण्याची तयारी ठेवावी. राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या आणि अर्थसंकल्प मांडण्याच्या दिवशी हा तास नसतो, हेही नियोजनात धरावे.

उत्तर मिळाल्यानंतर

बहुतेक कार्यालयांत इथे फाइल बंद होते, आणि खरी चूक ही आहे.

उत्तर अपुरे असेल आणि विषय पुरेशा सार्वजनिक महत्त्वाचा असेल, तर नियम ५५ खाली अर्धा तास चर्चेची सूचना द्यावी. ती तीन दिवस आधी द्यायची, कारणे सांगणारी टिपणी जोडायची, आणि आणखी किमान दोन सदस्यांच्या सह्या घ्यायच्या. चर्चा सोमवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी बैठकीच्या शेवटच्या अर्ध्या तासात होते. सूचना देणारा छोटे निवेदन करतो, आधी कळवलेले चारपर्यंत सदस्य एकेक प्रश्न विचारू शकतात, मग मंत्री उत्तर देतात. मतदान नाही. महाराष्ट्र विधानसभेत हीच चर्चा नियम ९४ खाली होते, आणि तातडीचा विषय असेल तर नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना हे तिथले सर्वांत वापरातले हत्यार आहे.

उत्तरातली माहिती चुकीची असेल तर आरडाओरडा करू नये. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली मंत्र्याच्या निवेदनातली चूक लेखी दाखवून देता येते. त्यासाठी पुरावा जोडावा लागतो. विशेषाधिकार भंगाची सूचना वेगळी. तिथे मंत्र्याने जाणूनबुजून दिशाभूल केली, हे दाखवावे लागते. निव्वळ चुकीसाठी ती वापरली तर ती टिकत नाही.

एका साध्या प्रश्नातून किती दूर जाता येते, याचे सर्वांत मोठे उदाहरण १९५७ चे आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवले का, या प्रश्नाला सरकारने आधी मोघम उत्तर दिले. सदस्यांनी पाठपुरावा सोडला नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत सुमारे सव्वा कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराचा तपशील मांडला. न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सुरुवात झाली होती ती "गुंतवणूक केली आहे काय" एवढ्या प्रश्नाने.

शेवटचा टप्पा आश्वासनांचा. "तपासून पाहू", "विचाराधीन आहे", "माहिती संकलित करून पटलावर ठेवू" अशा ठरावीक वाक्प्रयोगांची यादीच आहे. मंत्री तसे बोलले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे, तिच्यात १५ सदस्य असतात आणि मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. जमले नाही तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते.

म्हणून उत्तराच्या दिवशीच एक छोटी नोंद करावी: प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्र्यांचे नेमके शब्द, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख. त्या तारखेला पटलावर ठेवलेली कागदपत्रे पाहावीत. काही आलेले नसेल तर समितीला पत्र लिहावे, प्रश्न क्रमांकासह. आणि पुढच्या सत्रासाठी नवी सूचना तयार करावी, या वेळी (अ) भाग असा: "अमुक तारखेच्या तारांकित प्रश्न क्रमांक ६१ च्या उत्तरात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झाली आहे काय; असल्यास कोणत्या तारखेला."